घरमालकीण हौसा

सून सकाळी सकाळी येऊन म्हणाली, "आई, तुमचं पॅन कार्ड द्या, मी तुम्हाला दर महिन्याला भाडं देणार आहे," तर कुठल्या सासूला तो चहा गोड लागेल? हौसाचा तर अर्धा बशीत आणि उरलेला साडीवर सांडला.

"भाडं?" हौसा म्हणाली. "कुणाचं भाडं? तू काय भाडेकरू हाय या घरात?"

अनुयाला लग्न होऊन या घरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पुण्याची मुलगी, बेलापूरला एका कंपनीत नोकरी. सासू चिडली की नुसतीच मोठ्यानं बोलते आहे, हे अजून तिला नीट ओळखता यायचं नाही. ती घाईघाईनं खुर्ची ओढून बसली.

"तसं नाही हो आई. आमचा पगार हातात यायच्या आधीच ऑफिस त्यातून टॅक्स कापून घेतं. दर महिन्याला. आणि एप्रिल आला की विचारतात, यंदा जुन्या पद्धतीनं टॅक्स कापायचा की नव्या? जुनी घेतली की भाडं, विमा सगळं सांगता येतं. मी भाडं भरते म्हटलं की तेवढा टॅक्स कमी कापतात. नाही सांगितलं तर कापत बसतात."

"मंग जो घराचा मालक हाय त्याला दे की भाडं. मना कशाला?"

"मालक तुम्हीच आहात."

हौसा हसलीच. ओवे गावातलं जुनं घर सोडून नवीन पनवेलच्या या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. घर घेतलं तिच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजीनं. बिल्डरशी घासाघीस त्यानं केली, हप्त्यांचे चेक त्यानं फाडले आणि वास्तुशांतीला फेटा बांधून तोच दारात उभा राहिला होता. हौसा मालक कधी झाली?

"अगं, ते एक टक्क्यासाठी," वर्तमानपत्राच्या मागून दाजीचा आवाज आला. "बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट होती. म्हणून तुझ्या नावावर केलं. तुला रजिस्टर ऑफिसात नेली नव्हती का?"

नेली होती. हौसाला चांगलं आठवत होतं. तिथं तिचा फोटो काढला, अंगठा घेतला, इथं सही, तिथं सही म्हणत सात-आठ कागद पुढे सरकवले. तिला वाटलं होतं, आधार कार्डासारखं काहीतरी असेल. ऑफिसात येईल त्याचा काढत असतील फोटो. घरी येताना दाजीनं उसाचा रस पाजला होता आणि विषय तिथंच संपला होता.

तिनं कपाट उघडलं. साड्यांखालची फाईल काढली, चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. खरेदीदार: हौसा दाजी मढवी. शेजारी तिचाच फोटो, रस प्यायच्या आधीचा, घाबरलेला. तिनं तीनदा वाचलं. मग उठून हॉलमधून एक चक्कर मारली, बाल्कनीत गेली, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून हात फिरवला. भिंतीही त्याच आणि गळका नळही तोच, पण तिला धाप लागल्यासारखं झालं. आनंदाला काही सुचेना तेव्हा तिनं समोरच्या फ्लॅटमधल्या कुमुदताईंची बेल दाबली आणि दार उघडताच सांगून टाकलं, "अवो, ह्यो घर माझा हाय!"

"अभिनंदन," कुमुदताई म्हणाल्या. त्या बिचाऱ्यांना वाटलं, कर्ज फिटलं असेल.

आता हौसाला त्या भाड्याचं एवढं काय पडलं होतं, ते सांगायला हवं. हौसा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला धवला गाणारी बाई लागते. ती गाते तेव्हा हळद लागते, नाहीतर नुसता पिवळा रंग. हे गाणं दोघींनी गायचं असतं. एक ओळ सांगते, दुसरी उचलते. हौसा ज्यांच्यामागे पंचवीस वर्षं ओळ उचलत आली त्या ओव्याच्या चंद्रावती मावशी. पंचाहत्तरी उलटली, आवाज सुतासारखा बारीक झाला आणि वर हळदीत हे डीजे आले. तीन वर्षांपूर्वी एका मांडवात मावशी गात असताना कुणालाच काही ऐकू जाईना. पोरी खिदळल्या आणि नवरीचा बाप येऊन म्हणाला, "मावशी, आटपा आता." त्या दिवसापासून चंद्रावती मावशींनी मांडवात तोंड उघडलं नव्हतं.

आणि आता नऊ मेला मावशींच्या नातीची, समृद्धीची हळद होती. मावशींनी हौसाचा हात धरून सांगितलं होतं, "एवढीच एक हळद गावीशी वाटते गो. पन कोन ऐकणार?"

पनवेलच्या बाजारात हौसानं एक स्पीकर हेरून ठेवला होता. चाकांचा, ओढत नेता येणारा, बरोबर दोन बिनवायरचे माईक. बावीस हजार. दाजीला विचारलं तर तो "बघू" म्हणाला. छत्तीस वर्षांच्या संसारात 'बघू'चा अर्थ हौसाला पाठ होता. डीजेवाल्याचा माईक मागावा तर ती पोरं त्यात घुमारे घालतात, बाई गाते की विहिरीतून बोलते कळत नाही. तिच्या गाठीला होते दोन हजार चारशे.

म्हणून ती पुन्हा सुनेसमोर येऊन बसली. "किती देणार भाडं?"

"सोळा हजार लिहिलंय मी, अंदाजानं."

"माझ्या खात्यात?"

"तुमच्याच खात्यात. आणि ते पैसे खरंच तुमचे, आई. नुसतं कागदावर दाखवायचं असलं काही मला चालत नाही."

हौसानं भाडेकरारावर सही केली. या खेपेला कुणी बोट दाखवायची गरज पडली नाही. मालकाचं नाव कुठं आहे ते तिनं स्वतःच शोधलं.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा, अनुयाचा नवरा निकेश कामावरून आला. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डच्या ऑफिसात तो कागदपत्रं बघायचा. आईला एकटी गाठून हळूच म्हणाला, "आये, आमच्या ऑफिसात पन तोच फॉर्म भरायचा हाय. मी बी भाडं देतो असं लिवतो. सोळा हजार. तू इथं सही कर." आणि जाता जाता, "अनुयाला काय बोलू नको, मी तिला मागून सांगेन. आन् तिचे पैसे आले की काढून मना दे, घरात ठेवू. घरातलं घरात."

हौसानं सही केली, पण 'काढून मना दे' हे वाक्य तिनं कानामागं टाकलं. तिच्या डोक्यात निराळाच हिशेब चालू होता. सून सोळा देणार, लेक सोळा देणार. दोन भाडेकरू, दोन भाडी! बत्तीस हजार! आणि लेक बायकोपासून लपवतोय म्हणजे नक्कीच तिला चकित करायचं असेल. नवीन जोडपं, करतात असल्या गमती. बावीसचा स्पीकर घेऊन वर दहा उरणार होते. त्या दहातून मावशींना पिवळी साडी घ्यायची, हेसुद्धा तिनं ठरवून टाकलं. दुपारी ती ओव्याला जाऊन आली आणि मावशींच्या कानात सांगून आली, "गायाची तयारी ठेव. सगला मांडव ऐकंल." मावशी लहान मुलीसारख्या लाजल्या आणि त्याच दिवसापासून खडीसाखर चघळायला लागल्या.

एप्रिलचे उरलेले दिवस हौसानं कॅलेंडरकडे बघत काढले.

एक मे उजाडला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे सगळे घरी. साडेदहाला हौसाच्या फोननं आवाज केला. सोळा हजार जमा. तिनं तो मेसेज उघडून बघितला, फोन पदरानं पुसला आणि पुन्हा बघितला. मग दुसऱ्याची वाट बघायला लागली. अकरा वाजले, बारा वाजले. कोलंबीचं कालवण झालं, भाकऱ्या झाल्या, पण फोन मुका. जेवायला सगळे बसले तेव्हा निकेशच्या ताटात भाकरी वाढता वाढता हौसानं सरळ विचारलं,

"रं निकेश, तुझं भाडं कुठं हाय?"

निकेशचा घास हातात राहिला. "कसलं भाडं?"

"कसलं म्हंजे? अनुयाचं आलं सकाळीच. आज एक तारीख. सही केली ना मी तुझ्या कागदावर? सोळा हजार."

अनुयानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "निकेश, तूही भाडं दाखवलंस? या घराचं? पूर्ण सोळा?"

"तुला सांगणारच होतो..."

"अरे, एकाच घराचं एकच भाडं, आणि आपण दोघं पूर्ण पूर्ण दाखवणार? दोन्हीकडे आईंचं एकच पॅन आहे! नोटीस आली तर कुणाला येईल? आईंना विचारतील, बाई, तुमचं भाडं सोळा की बत्तीस?"

"सगळे करतात गं."

"सगळ्यांच्या आईचं नाव हौसा मढवी नाहीये!"

हौसाला आधी वाटलं, सून आपल्या बाजूनं भांडते आहे. मग लक्षात आलं, बाजू आपलीच असली तरी बत्तीसचे सोळा होत आहेत. "म्हंजे? दोन भाडी नाय?"

"नाही हो आई. घर एक, भाडं एक. आम्ही दोघांनी मिळून तेवढंच द्यायचं. मी आठ, हा आठ. किंवा सगळं मी एकटीनं दिलं आणि माझ्याच नावावर दाखवलं तर टॅक्स थोडा जास्तच वाचेल. पाच तारखेपर्यंत ऑफिसात बदल करता येतो."

हौसानं मनातल्या मनात बेरीज केली. सोळा आणि दोन हजार चारशे. अठरा हजार चारशे. ओव्यात एक म्हातारी खडीसाखर चघळत बसली होती आणि नऊ तारीख आठ दिवसांवर आली होती. तिला रडूच आलं, पण जेवणाच्या ताटावर रडायची सवय तिला नव्हती.

"तू एकटीनं नाय द्यायचं," ती अनुयाला म्हणाली. "थोडा कमी वाचला तरी चालंल. लेक फुकट राहणार आन् सून भाडं भरणार, असं माझ्या घरात नाय चालायचं."

"अगं पण आये," निकेश आता जरा चिडला, "पैसे कुठं जातात? तू काढून देणार, ते घरातच येणार. मग आठ काय न् सोळा काय?"

"काढून देणार?" हौसा म्हणाली. "भाडं कोन परत देतंय रं? तुझ्या यार्डात कंटेनर ठेवायचं भाडं घेतात ना? मंग देतात परत?"

इतका वेळ कोलंबीत रमलेला दाजी आता मान वर करून म्हणाला, "मालकीण मालकीण काय लावलंय? घराला पैसे मी टाकलेत."

"मंग त्या ऑफिसात माझा फोटो कशाला काढलाव?" हौसानं विचारलं. दाजीनं मान पुन्हा खाली घातली. कोलंबीत काटा नसतो, तरी तो बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

हौसा उठली, हात धुतले आणि तरातरा समोरच्या फ्लॅटमध्ये गेली. कुमुदताईंचा दुसरा फ्लॅट याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर होता आणि तो भाड्यानं दिलेला होता, हे तिला माहीत होतं. पाच मिनिटांत ती परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि चालच बदलली होती. ती टेबलाच्या टोकाशी उभी राहिली.

"कुमुदताईंचा फ्लॅट, खालच्या मजल्यावर, एवढाच. चोवीस हजारांना गेलाय. अनुया, तू सोळा कुठून काढलास?"

"अंदाजानं..."

"तुझा अंदाज चुकला. मी भाडं वाढवते. बावीस हजार. घरातली माणसं म्हणून दोन कमी. अकरा तू, अकरा ह्यो. दर महिन्याच्या एक तारखेला, खात्यात. कागद नवीन करा."

अनुयानं फोन उचलला आणि त्यावर भराभर आकडे दाबायला लागली. दाबता दाबता तिचा चेहरा फुलत गेला. "आई! भाडं खरं असेल आणि खरंच जास्त असेल, तर आमचा टॅक्स अजून कमी कापला जाईल! निकेश, बघ, तुझासुद्धा!"

आता भाडेकरूच भाडं वाढलं म्हणून टाळ्या वाजवायला लागलेले कुणी कधी पाहिलेत? त्या घरात वाजवल्या. अनुयानं उठून सासूला मिठीच मारली. निकेशनं फोनमध्ये डोकं घालून आपला हिशेब केला, पुन्हा केला आणि शेवटी कबूल केलं, "वाचतात बाबा."

"आणि मना?" हौसानं विचारलं. "मना टॅक्स नाय लागणार?"

"तुमचं एवढंच उत्पन्न. वर्षाचं धरलं तरी टॅक्स लागण्याइतकं होत नाही. रिटर्न मात्र मी तुमच्या नावानं भरणार."

"भर. माझ्या नावानं काय काय हाय ते सरकारला पन कळू दे."

निकेशचे अकरा हजार तिथंच, ताटावर बसल्या बसल्या आले. अनुयाचे पाच जास्त आले होते. ते पुढच्या भाड्यात धरायचं ठरलं, तेही हौसानं ठरवलं. संध्याकाळी सासूसुना बाजारात गेल्या. दुकानदारानं बिलावर नाव विचारलं आणि सवयीनं पुढे म्हणाला, "साहेबांचं सांगा." हौसानं स्वतःचं सांगितलं. साडी घ्यायला गेल्यावर तिनं अनुयाला एकाही साडीची किंमत विचारू दिली नाही, आणि मग स्वतःच प्रत्येकीची विचारली.

चार तारखेला दोघांनी आपापल्या ऑफिसात नवे कागद दिले. निकेशनं आधीचा फॉर्म मागे घेतला तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "भाडं कमी झालं का हो?" त्यानं काय सांगितलं ते घरी आला तरी बोलला नाही.

नऊ तारखेला संध्याकाळी ओव्यात समृद्धीच्या दारात मांडव गच्च भरला होता. डीजेच्या भिंतीएवढ्या पेट्या लागल्या होत्या आणि पोरं नाचून घामाघूम झाली होती. हौसा त्या गर्दीतून आपला चाकांचा स्पीकर ओढत आली. मागे अनुया दोन माईक घेऊन, आणि अनुयाच्या हाताला धरून पिवळ्या साडीतल्या चंद्रावती मावशी.

हौसा थेट डीजेवाल्या पोराकडे गेली. "धा मिनटं बंद ठेव."

"मावशी, आता रंगात आलंय सगळं. आणि तुमचा आवाज एवढ्या लोकांत पोचणार हाय का?"

"तू बंद तर कर."

पोरानं तोंड वाकडं करून बंद केलं. मांडवात कुजबुज झाली, कुणी शिट्टी मारली. पाटावर बसलेल्या समृद्धीसमोर मावशींना खुर्ची दिली. "नाय गो हौसा," त्या म्हणाल्या, "तूच गा. माझ्यात काय राहिलंय?"

हौसानं बटण दाबलं आणि माईक त्यांच्या ओठांशी धरला.

पहिल्यांदा मांडवाला ऐकू आला तो मावशींचा श्वास. मग आवाज आला, बारीक, मध्येच चिरणारा, पण एकेक शब्द नीट वाजवून घेतल्यासारखा स्वच्छ. मांडवदेवतेला हाक घालून मावशींनी हळदीला बोलावलं, हळद दळणाऱ्या जात्याला बोलावलं, नातीच्या आईला, मावशीला, आत्याला नावानं बोलावलं. हौसानं दुसऱ्या माईकवर ओळ उचलली. तिचा स्वतःचा आवाज एवढा मोठा होऊन परत आला तेव्हा तिनं दचकून स्पीकरकडे बघितलं. मागे उभी असलेली, डीजेवर नाचून दमलेली पोरं पुढे सरकली. फाटकाबाहेर बिड्या ओढत बसलेले पुरुष उठून आत आले, त्यांत दाजी होता. समृद्धीच्या गालांवरून हळदीवर पाणी ओघळत होतं. आजीचे हे शब्द तिनं आजवर कधी अखंड ऐकले नव्हते. निकेश खांबाला टेकून उभा होता. अनुयाला त्या बोलीतले निम्मे शब्द कळत नव्हते, तरी ती रडत होती आणि हसतही होती.

दहा मिनिटांची वीस झाली. डीजेवाल्यानं बटणाला हात लावला नाही.

धवला संपला तेव्हा मावशी माईक हातातच धरून बसल्या. तो चालू आहे याचं त्यांना भान नव्हतं. त्या हौसाकडे वळल्या आणि आपल्या मते अगदी हळू, फक्त तिलाच सांगितलं.

"हौसा, तीन वर्सांनी आज माझा आवाज मना ऐकू आला गो."

सगळ्या मांडवानं ते ऐकलं. हौसानं माईक बंद केला नाही, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग आता दुसरा सांग. मी उचलते."